कुणाकडेही जाणारं मूल

अभ्युदयनगरातली एक मुलगी पुढच्या महिन्यात नैरोबीला चालली आहे. एमएसडब्ल्यू झालेली, शिवडी आणि कॉटन ग्रीनच्या वस्त्यांत काम करून तयार झालेली. नैरोबीत रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तिला वर्षभरासाठी बोलावलंय. आईला काळजी तिच्या जेवणाखाण्याची, वडिलांना पैसे पुरतील की नाही याची. दोघांचं बरोबरच आहे. मला मात्र काळजी वाटते ती तिथल्या मुलांची. ही वर्षभराने परत येईल. मग त्या मुलांचं काय?

हा प्रश्न मला काळाचौकीतच पडला. इथल्या एका मंडळाच्या खोलीत बालवाडी भरायची. एका बाजूला ताडपत्रीखाली मखराचं सामान, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर मुलं. तिथे परदेशातून तरुण मुलंमुली यायची, कुणी चार आठवड्यांसाठी, कुणी सहा. मनापासून यायची. गाणी शिकवायची, मुलांना कडेवर घेऊन फिरायची, आणि एक दिवस केक कापून, डोळे पुसत निघून जायची. पुढच्या सोमवारी दुसरं कुणीतरी हजर.

त्या बालवाडीत चार वर्षांची एक मुलगी होती. आई घरकामाला जायची, वडील गावी गेले ते परत आलेच नाहीत. दारात कुणीही नवं माणूस दिसलं की ही धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारायची. पाहुणे विरघळून जायचे. ‘किती लाघवी आहे, कुणाकडेही जाते!’ असं एक बाई कौतुकाने म्हणाल्या. बालवाडीच्या ताई खाली बसून स्लेट पुसत होत्या, त्यांनी त्यावर मान वर न करताच सांगितलं, ‘कुणाकडेही जाते, तीच तर काळजी आहे. पडली, लागलं, तरी रडत माझ्याकडे येत नाही. जो जवळ असेल त्याच्याकडे जाते.’

ताई बारावी शिकलेल्या. पण त्या जे बोलल्या तेच रुमानियात मोठ्या अभ्यासातून पुढे आलेलं आहे. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट 1989 साली कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत खच्चून भरलेली मुलं जगाला दिसली. पुढे बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी तिथल्या संस्थांतली 136 लहान मुलं निवडली, त्यातल्या निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली आणि दोन्ही गटांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालं, ती मुलं आपल्या माणसाला धरून राहायला चांगली शिकली. संस्थांत वाढलेल्यांपैकी बरीच मुलं अनोळखी माणसाला चटकन बिलगायची, त्याने बोलावलं तर त्याच्यामागे निघूनही जायची. अशा मुलाच्या वाट्याला कुणी वाईट माणूस आला तर काय होईल, हे गिरणगावात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. काही आठवड्यांसाठी येणाऱ्या माणसाला लहान मुलांच्या गळ्यात पडू देऊ नये, मग तो अमेरिकेतून येवो की पार्ल्याहून. त्याने हिशेब लिहावेत, भिंती रंगवाव्यात, ताईंना संगणक शिकवावा. नेपाळ आणि कंबोडियात तर पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलं अनाथालयांत आणून ठेवली गेली. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा या प्रकाराकडेही शोषण म्हणून पाहायला सुरुवात केली.

मग परक्या मुलखात जाऊन मुलांसाठी काम करूच नये का? करावं. कसं, ते आपल्या शेजारीच पाहायला मिळतं. क्लिफर्ड मॅनशार्ट हा शिकागो विद्यापीठात शिकलेला अमेरिकी गृहस्थ अमेरिकन मराठी मिशनतर्फे 1925 साली मुंबईत आला. मिशनने वस्त्यांत काम करायचं ठरवलं आणि 1926 साली त्याच्या हाताखाली नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू झालं. दाटीवाटीच्या वस्तीच्या मधोमध मुलांना खेळायला, वाचायला, शिकायला हक्काची जागा. एवढ्यावरच तो थांबला असता तर भला साहेब म्हणून लोकांनी त्याची आठवण काढली असती आणि पुढे विसरून गेले असते. पण त्याला दिसलं की असं काम चालवायला इथलीच शिकलेली, तयार माणसं हवीत. त्याने हे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या गळी उतरवलं आणि 1936 साली नागपाड्यातच वीस विद्यार्थ्यांना घेऊन समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उघडली. दुसऱ्याच वर्षी तिने मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढलं. अडनिड्या, हट्टी, भेदरलेल्या मुलाला दटावण्याआधी समजून घ्यायचं, ही गोष्ट त्या काळात नवीन होती.

मॅनशार्ट 1941 साली इथून परत गेला. संचालकाच्या खुर्चीवर डॉ. जे. एम. कुमारप्पा बसले आणि काम एक दिवसही अडलं नाही. त्या शाळेला आपण आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो, चेंबूरकडचे लोक नुसतं ‘टिस’ म्हणतात. तिथूनच 1996 साली जेरू बिलिमोरिया यांनी संकटातल्या मुलांसाठी 1098 ही फोनसेवा सुरू केली. ‘दस नौ आठ’ हा आकडा फलाटावरच्या पोरांच्याही तोंडी बसला. पुढे बिलिमोरिया नेदरलंड्समध्ये गेल्या आणि देशोदेशींच्या अशा फोनसेवांना एकत्र बांधणारी संस्था 2003 साली उभी राहिली, तीही ॲमस्टरडॅममध्ये. अमेरिकेतला माणूस नागपाड्यात येतो आणि पाऊणशेहून जास्त वर्षांनी इथलं काम युरोपात जातं! मला याचा फार अभिमान वाटतो.

तिकडून इकडे परत आलेल्याचंही एक उदाहरण आहे. लाल निशाण पक्षाचे यशवंत चव्हाण गिरणगावाला माहीत आहेत. त्यांचे चिरंजीव माधव चव्हाण रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत प्राध्यापकी करत होते, ती सोडून ते परत आले. ते ज्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, त्या ‘प्रथम’ने मुंबईत बालवाड्या काढल्या तेव्हा देवळात, पक्षाच्या कचेरीत, कुणाच्या घरातल्या पुढच्या खोलीत, मिळेल तिथे जागा घेतली. शिकवायला वस्तीतल्याच मुली. कारण संध्याकाळी पाण्याच्या रांगेत ती ताईच मुलाला पुन्हा भेटते.

परका मुलूख म्हणजे काय, हे पाहायला विमानात बसायची गरज नाही. परळला टाटा रुग्णालयाबाहेर बिहार-बंगालहून आलेली कॅन्सरची लहान मुलं तोंडाला मास्क लावून आईच्या मांडीवर पडलेली असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. आमच्या ओळखीच्या एक बाई दर मंगळवारी अशा मुलांकडे जातात. बंगाली येत नाही, गोष्ट चित्रांतून सांगतात. मंगळवार उजाडला की मुलं दाराकडे बघत बसतात, आणि बाई येतात. गावाला जायचं असेल तर आधल्या मंगळवारी मुलांना कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवतात, कधी नाही, कधी आहे.

हे सगळं मी नैरोबीला निघालेल्या पोरीला ऐकवलं. स्वाहिली शिकायला आजपासून बस, असंही म्हटलं. तिने ते आधीच सुरू केलं होतं. शिवाय संस्थेला पत्र लिहून विचारलं होतं की माझ्याआधी मुलांजवळ कोण होतं आणि माझ्यानंतर कोण असेल. उत्तर आलं: तिथलाच एक तरुण आहे, तो स्वतः रस्त्यावर वाढलेला. मुलं त्याचंच ऐकतात, पण त्याला नोंदी ठेवता येत नाहीत, अर्ज लिहिता येत नाहीत, म्हणून त्याला मदतनीसाचाच पगार मिळतो. हिने कळवलं की मुलांची जबाबदारी त्याच्याकडेच राहू द्या, मी त्याच्या हाताखाली काम करीन आणि वर्षभरात त्याला नोंदी, अर्ज, हिशेब शिकवीन. तेवढं झालं की पगार मात्र त्याचा वाढवा. संस्थेने होकार दिलाय, लेखी.