कवचाचा दाखला

हैदराबादेत नौबत पहाडावरील बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस या डायनोसॉरचा जो अजस्र सांगाडा उभा आहे, तो कोणा एका प्राण्याचा नसून, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील यामनपल्ली येथे उकरून काढलेल्या किमान १२ प्राण्यांच्या अस्थींतून जुळवलेला आहे, आणि त्याच्या कवटीचा तर पत्ताच लागलेला नाही, ही गोष्ट मला त्याच्या लांबीहून अधिक विस्मयकारक वाटते.

कोटासॉरस ज्या खडकांत सापडला आणि ज्यांना सिरोंचा तालुक्यातील कोटा गावाचे नाव मिळाले, त्यांतूनच नाथ, यादगिरी आणि मोइत्रा या संशोधकांनी २००२ मध्ये कवचधारी डायनोसॉरची पहिली नोंद केली. २०१९ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ पीटर गॅल्टन यांनी त्यातील कवच अँकिलोसॉर या कवचधारी डायनोसॉरांच्या गटाचे, किंबहुना त्या गटाचा सर्वांत जुना पुरावा ठरवले. सर्वांनीच ते मान्य केले असे नाही. मोरोक्कोतील एका बरगडीवरून, जिच्यावर काटे थेट हाडाला जोडलेले आहेत, २०२१ मध्ये वर्णिलेल्या स्पायकोमेलस या डायनोसॉरलाही हाच मान देण्यात आला. असे वाद उद्भवतात, कारण कवचाचे फलक कातडीत घडतात, सांगाड्याशी बहुधा सांधलेले नसतात, आणि कातडी कुजताच पाण्याच्या ओघात इतस्ततः होतात. मग अभ्यासकाने फलकाची धार मध्यावर आहे की एका अंगाला झुकलेली, खालची बाजू सपाट आहे की खोलगट, हे पाहून त्याची पाठीवरील जागा अनुमानायची. त्यातही मगरींच्या पूर्वजांना असेच फलक असत, ही अडचण आहेच.

जबलपूरला हे अनुमान एकदा चांगलेच फसले. १९२०च्या दशकात चार्ल्स मॅटली यांनी तेथील कमरेची हाडे, नडगी आणि फलक एकाच प्राण्याच्या नावे जमा करून लॅमेटासॉरस नावाचा कवचधारी डायनोसॉर उभा केला. पुढे हाडे मांसाहारी डायनोसॉरची आणि कवच भलत्याच प्राण्याचे निघाले. मॅटलींना मी दोष देत नाही, मुद्देमाल एका जागी सापडला एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

म्हणून माझे म्हणणे असे की, जेथे जेथे असा जुळवलेला सांगाडा मांडला जातो, तेथे सापडलेले अस्थिखंड व प्लास्टरची भर यांचे रंग वेगळे ठेवण्याचा शिरस्ता असावा, आणि कवचाचे फलक, त्यांचा धनी निश्चित होईपर्यंत, कोणाच्याही पाठीवर न चढवता स्वतंत्र पेटीत मांडावेत. याने प्रेक्षक हिरमुसतील, ही व्यवस्थापकांची भीती मला खरी वाटत नाही. सांगाड्यापुढे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ही हाडे खरी का, हाच.