लिहावें कोणीं?

गांवांत एखादी गोष्ट बिघडली, कीं तिची चर्चा दुकानाच्या पायरीवर होते, देवळाच्या ओट्यावर होते, आणि दिवे लागले कीं मंडळी उठून घरोघर जातात. "यावर कोणीतरी लिहिलें पाहिजे," असें जो तो म्हणतो; परंतु तें आपणच लिहावें, असें कोणास वाटत नाहीं. लिहिणें हें विद्वानांचें काम, आपणांस तेवढी भाषा कोठली, असा आमच्या व्यापारी व गृहस्थ मंडळींचा समज आहे. आमच्या मतें हा समज चुकीचा, इतकेंच नव्हे, तर घातक आहे. ज्यास काटा बोचला तोच गप्प राहिला, तर त्याचें दुःख दुसऱ्यानें ऐकीव माहितीवर लिहावें, आणि ज्यांनीं दाद द्यावयाची त्यांनीं तें ऐकीव म्हणूनच बाजूस सारावें, हें ओघानेंच आलें. या समजास आम्ही पत्रकर्तेहि कांहीं अंशीं कारण आहों. जड शब्द म्हणजे विद्वत्ता, असा भास आम्हींच पुष्कळदां उत्पन्न केला आहे.

या समजास १८५५ सालींच उत्तर मिळून चुकलें आहे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग जातीची मुलगी. वय सुमारें चौदा वर्षांचें, शिक्षण अवघें तीन वर्षांचें. तिनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो त्या सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हां त्यांच्या घरावर छप्परहि नसतें, ही गोष्ट तिनें साध्या शब्दांत मांडली. पाहिलेलें दुःख तिनें पाहिलें तसें लिहिलें. म्हणून आज दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी तो निबंध वाचला जातो.

नवशिक्यानें यावरून एवढें शिकावें, कीं आपल्या डोळ्यांदेखत जें घडतें त्यापासून आरंभ करावा. "शहराची दुर्दशा पाहून कोणाचें अंतःकरण विदीर्ण होणार नाहीं?" असें लिहिल्यानें कोणाचेंच होत नाहीं. त्याऐवजीं, अमुक पेठेंतील गटार कोणत्या दिवशीं तुंबलें, किती दिवस तसेंच राहिलें, धान्याचीं किती पोतीं भिजलीं, अर्ज कोणाकडे व केव्हां केला, हें लिहावें. एका लेखांत एकच तक्रार असावी, आणि शेवटीं कोणीं काय करावें हें स्पष्ट सांगावें.

व्यापाऱ्यांस तर ही विद्या अर्धीअधिक अवगतच आहे. ते रोजकीर्द लिहितात, ती खतावणींत उतरवितात, आणि मग ताळा पाहतात. लेखाचेंहि तसेंच करावें. घडलेलें त्याच दिवशीं टिपून ठेवावें; मग एका विषयाचें टिपण एकत्र करावें; आणि जमेस न धरतां येणारी, म्हणजे पुराव्यावांचूनची, रक्कम जशी खोडून टाकतों, तसें ऐकीव वाक्य खोडून टाकावें. सरकारी वा नगरपालिकेच्या कामाची माहिती हवी असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें लेखी अर्ज करावा. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचें त्यासहि त्याचें म्हणणें विचारावें व तें लेखांत द्यावें. यानें लेख दुबळा होत नाहीं, उलट त्यावर विश्वास बसतो.

लेख पुरा झाला, कीं तो एक रात्र ठेवावा आणि सकाळीं मोठ्यानें वाचावा. तोहि पंडितास नव्हे, तर दुकानांतील हमालास किंवा घरांतील मंडळींस वाचून दाखवावा. ऐकणारा जेथें "म्हणजे काय?" म्हणून विचारील, तेथें दोष आपला समजून तें वाक्य बदलावें. पहिला लेख परत आला तर खट्टू होऊं नये. पहिल्या वर्षीं नफा झाला नाहीं म्हणून कोणी दुकानास टाळें ठोकीत नाहीं.

हल्लीं हातांतल्या मोबाईलवरून मजकूर क्षणांत गांवभर जातो. परंतु आलेलें पुढें धाडणें म्हणजे लिहिणें नव्हे. नळावर पाण्यासाठीं तिष्ठणाऱ्या स्त्रीनें, बाजारांत माल उतरविणाऱ्या मजुरानें, गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदारानें स्वतः चार ओळी लिहाव्या आणि खालीं आपलें नांव घालावें. शुद्धलेखन आम्ही सुधारूं. परंतु त्यांनीं जें पाहिलें, तें त्यांच्यावांचून आम्हांस लिहितां येणार नाहीं.