कीर्तन हे आमिष नव्हते

बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा विषय निघाला की एक शिक्का तयारच असतो : ‘दुष्काळातले ख्रिस्ती’. त्यात सत्याचा अंश आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाड होरपळले. अमेरिकेहून आलेल्या अलायन्स मिशनने अनाथ मुले सांभाळली. खामगाव, मलकापूर, बुलढाणा, चिखली येथे त्याची केंद्रे होती. पण दुष्काळ सरतो. दर रविवारी मंडळीपुढे कोणी, कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न उरतो. शिक्का मारणारे तिथवर पोहोचतच नाहीत.

हा प्रश्न सर्वांत धीटपणे विचारला गेला तो वऱ्हाडाबाहेर, अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. नारायण वामन टिळक उपदेशासाठी अभंग, भजन आणि कीर्तनाकडे वळले. (कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या कितीतरी आधी उभे केले होते, त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.)

यावर ठरलेला आक्षेप : संतांचे कीर्तन उसने घेऊन भोळ्या लोकांना गळाला लावले.

उसने? कोणाकडून? नगरकडच्या मंडळ्यांत महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने होती. संत चोखामेळा महारच. त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा याच बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर पायरीशी राहिली आणि ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल व साने गुरुजींचे उपोषण लागले. ज्यांना विठ्ठलाच्या दाराबाहेर ठेवले, त्यांनी चोखोबांचा अभंगछंद चर्चमध्ये ऐकला, तर चोरी नेमकी कोणाची झाली?

आणि ते आमिषच असते, तर टिळकांनी पुढे केले ते केले नसते. पाश्चात्त्य मिशनऱ्यांचे पालकत्व त्यांना सलत होते. होमरूलच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. गळ टाकणारा माणूस मासे मोजायचेच सोडून देतो, असे कधी घडते का?

मे १९१९ मध्ये टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. त्यांची पदे मात्र मिशनांच्या सीमा ओलांडून मराठी उपासनेत शिरली.