रोगाचें नांव आणि रोगाचा अंक

आपल्या घरांतून ‘मेंदूज्वर’ हा शब्द फार ढोबळपणें वापरला जातो. मुलास कडक ताप आला, झटके आले, शुद्ध हरपली, कीं शेजारपाजारची मंडळी मेंदूज्वर म्हणून मोकळी होतात. वस्तुतः येथें तीन स्थानें वेगळीं धरावयास हवीं. मेंदूवरील वेष्टनांस सूज आली तर तो आवरणदाह. खुद्द मेंदूस आली तर मस्तिष्कदाह. आणि पाठीच्या कण्यांतून उतरणाऱ्या मज्जारज्जूस आली तर मज्जारज्जुदाह. डॉक्टर यांसच अनुक्रमें मेनिंजायटिस, एन्सेफलायटिस व मायलायटिस म्हणतात. मेंदू व रज्जु दोनहि सांपडले म्हणजे शेवटच्या दोन नांवांचा समास होऊन एन्सेफलोमायलायटिस होतो. ‘आयटिस’ हा ग्रीक प्रत्यय दाहवाचक आहे. एका प्रत्ययावर काय काय अवलंबून असतें हें पुढें दिसेलच.

या रोगनामांस जगभर एकच अंक असावा, ही कल्पना बरीच जुनी. जाक बर्तियों या फ्रेंच गृहस्थानें १८९३ सालीं शिकागो येथें मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ सालीं तिची सहावी आवृत्ति जागतिक आरोग्य संघटनेच्या हातीं आली. दहावीस १९९० सालीं मान्यता मिळाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी पुष्कळ ठिकाणीं अजून दहावीवरच काम चालतें.

दहाव्या आवृत्तींत मज्जासंस्थेच्या प्रकरणांत ‘जी ०४’ हें मस्तिष्कदाह व मज्जारज्जुदाह यांचें घर. परंतु कोणताहि मस्तिष्कदाह तेथें नेऊन बसवावा असें नाहीं. व्याकरण शिकलेल्यांस उत्सर्ग आणि अपवाद ठाऊक आहेत. विशेष नियम असेल तेथें सामान्य नियम मागें सरतो. येथेंहि तसेंच. जपानी मस्तिष्कदाहास संसर्गजन्य रोगांच्या प्रकरणांत ‘ए ८३.०’ हें स्वतंत्र स्थान आहे. गोवरानंतर मेंदूस सूज आली तर ‘बी ०५.०’ हा मुख्य अंक, त्यावर कट्यारीचें चिन्ह. आणि ‘जी ०५.१’ हा त्याचा जोडीदार, त्यावर तारका. कट्यार मूळ कारण सांगते, तारका विकार कोठें प्रकटला तें सांगते. पाणिनीच्या शिष्यांस हा संकेत परका वाटूं नये. आणि कारण कोणीच लिहिलें नसेल तर? मग ‘जी ०४.९’, म्हणजे अनिर्दिष्ट. किंवा नुसतें ‘विषाणुजन्य’ एवढेंच लिहिलें असेल तर ‘ए ८६’.

हा अनिर्दिष्टांचा कोपरा मोठा घातक. गोरखपूर भागांत २००५ सालीं मस्तिष्कदाहाच्या सांथीनें शेंकडों मुलें दगावलीं. जपानी मस्तिष्कदाहाची लस २००६ पासून देण्यांत आली, तरी मुलें आजारी पडतच राहिलीं. पुढें बारकाईनें तपासलें तेव्हां त्यांतील पुष्कळांस स्क्रब टायफस हा ज्वर असल्याचें आढळलें. अगदीं बारीक किड्यांच्या चाव्यानें तो होतो आणि डॉक्सिसायक्लीनसारख्या साध्या औषधानें बरा होतो. सर्वांवर ‘मेंदूचा ताप’ एवढीच चिठ्ठी राहिली असती, तर हें औषध कोणास सुचलें असतें? मुझफ्फरपूरची कथा याहून विलक्षण. तेथें लिचीच्या हंगामांत मुलें बेशुद्ध होऊन मरत. २०१४ सालच्या तपासांत त्यांच्या मेंदूंत दाह आढळलाच नाहीं. रात्रीं उपाशी निजलेल्या मुलांनीं लिची खाल्ली, तिच्यांतील द्रव्यानें रक्तांतील साखर घसरली व मेंदू बंद पडला. तेथें ‘आयटिस’ नव्हे, ‘पथी’ हा प्रत्यय हवा होता. आणि उपाय काय, तर वेळेवर साखर आणि मुलांस रात्रीं जेवूं घालणें.

विदर्भांतील चांदीपुरा गांवचें नांव एका विषाणूस लागलें आहे, तो १९६५ सालीं पुण्याच्या संशोधकांनीं वेगळा ओळखला. २०२४ सालीं गुजरातेंत त्यानें मुलांचे बळी घेतले. विषाणूस नांव मिळालें होतें म्हणूनच तो पुन्हां ओळखतां आला.

दुसरा एक प्रकार तर सुशिक्षित घरांनीं मुद्दाम जाणून घ्यावा. २००७ सालीं डॉ. दाल्माउ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा मस्तिष्कदाह वर्णिला, कीं ज्यांत शरीराचीच संरक्षकशक्ति मेंदूवर उलटते. बहुधा तरुण मुलींस होतो. मुलगी एकाएकीं असंबद्ध बोलूं लागते, भिते, मग झटके येतात. घरचे अंगारा-धुपारा पाहतात, नाहीं तर वेडाच्या डॉक्टरांकडे नेतात. कांहींच्या बीजकोशांत गांठ असते, ती काढल्यावर व योग्य औषधें दिल्यावर पुष्कळ मुली बऱ्या होतात. दहावी आवृत्ति याआधींची. तिला हा रोग ठाऊक नसल्यामुळें तो ‘जी ०४.८’ या ‘इतर’ सदरांत बसवावा लागतो. अकराव्या आवृत्तींत अशा विकारांस निराळी जागा आहे.

अंक लावणारा लेखनिक डॉक्टर नसतो. चेन्नई-हैदराबादेकडे कित्येक तरुण-तरुणी अमेरिकेंतील इस्पितळांच्या कागदांस असे अंक लावण्याची नोकरी करितात. त्यांस तर्क करण्याची मुभा नाहीं. तपासणीच्या अहवालांत विषाणु दिसला, पण डॉक्टरांनीं निदानांत लिहिला नाहीं, तर लेखनिकानें तो आपल्या मनानें घालावयाचा नाहीं, विचारावयाचा.

म्हणून इस्पितळांतून घरीं येतांना मिळणारा कागद खिशांत कोंबण्यापूर्वीं वाचावा. रोगाचें स्थान कोणतें, कारण कोणतें, कारण निश्चित कीं संशयित, पाठींतील पाण्याची तपासणी काय म्हणते, हें त्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. नसेल तर डॉक्टरांस नम्रपणें विचारावें. मूल बरें झालें पण मागें फेंफरें वा पायाची दुर्बलता राहिली, तर ‘जी ०९’ हा उत्तरपरिणामांचा अंक आहे. परंतु मूळ आजाराचा कागदच हरवला, तर दहा वर्षांनीं हा संबंध कोण जोडणार? आणि दुर्दैवानें घरांत मृत्यु झाला, तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देण्याची तरतूद २०२३ च्या दुरुस्ती-कायद्यानें झाली आहे. त्या दाखल्यांत ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेंच असूं नये. ती प्रत्येकाचीच शेवटीं बंद पडते. तिच्याखालच्या ओळींत मूळ रोग लिहिला आहे ना, हें घरच्या वडीलधाऱ्यांनीं दुःख आवरून पाहून घ्यावें.