विमानाच्या दाराची फट

गेल्या हिवाळ्यांत आम्ही अमेरिकेंत कॅन्सस संस्थानांतील विचिटा येथें पुतण्याकडे दोन महिने राहिलों. सेस्ना विमानांचें हें माहेरघर. त्यांतील ‘१७२’ जातीचें विमान १९५५ सालीं प्रथम उडालें, आणि आजवर अशीं ४४,००० हून अधिक विमानें तयार झालीं आहेत. पुतण्यानें व त्याच्या दोन मित्रांनीं मिळून असेंच एक ५० वर्षांचें जुनें विमान घेतलें आहे. आपल्याकडे तिघां भावांत एक बैलगाडी असावी तसें.

पहिल्याच फेरींत उजव्या दारांतून शीळ वाजूं लागली आणि गुडघ्यांवर गार वारा येऊं लागला. “काका, रबर म्हातारें झालें आहे, उन्हाळ्यांत बदलूं,” असें पुतण्या हंसून म्हणाला. आम्हीं शाल गुडघ्यांवर ओढली. पुढच्या रविवारीं सूनबाई मागें बसली होती. अर्ध्या तासांत तिचें डोकें दुखूं लागलें; आम्हीं तें थंडीवर ढकललें. इतक्यांत समोरच्या फळीवरील एक लहानसें यंत्र किंचाळूं लागलें. पुतण्यानें ऊब देणारी कळ बंद केली, बाहेरची ताजी हवा आंत सोडली, आणि जवळच्या धावपट्टीवर विमान उतरविलें.

तें यंत्र कार्बन मोनॉक्साइडची वर्दी देणारें होतें. या वायूला ना वास, ना रंग. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो. विमान वेगानें जात असतां आंतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां किंचित् कमी होऊं शकतो; मग इंजिनाचा धूर दाराच्या फटींतून आंत ओढला जातो. संस्कृतांत ‘छिद्र’ म्हणजे भोंकही आणि दोषही, हें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितलें. कळलें मात्र त्या दिवशीं.

पण केवळ फट बुजवून भागत नाहीं. आंतील ऊब इंजिनाच्या धुराड्याभोंवतीं तापलेल्या हवेची असते. धुराड्यालाच तडा असेल तर नवें रबर काय करणार? म्हणून प्रथम परवानाधारक यांत्रिकाकडून तें तपासून घेतलें. तें शाबूत निघालें, तेव्हां दाराकडे वळलों. मालक स्वतः वैमानिक असेल तर अशी किरकोळ डागडुजी करण्यास तेथील कायद्यानें त्यास मुभा आहे.

जुनी पट्टी प्लास्टिकच्या पात्यानें खरवडली, कारण लोखंडी पात्यानें अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात. उरलेला डिंक द्रावकानें पुसला, पण खिडकीवर त्याचा थेंबही पडूं दिला नाहीं. ती काच नसून ॲक्रिलिक असतें, आणि तीव्र द्रावकानें त्यावर केसासारख्या चिरा पडतात. नवी पट्टी चिकटवितांना ताणावयाची नाहीं. ताणलेलें रबर मागाहून आखडतें आणि नेमकी कोपऱ्यांत फट पडते. पट्टी जितकी जाड तितका बंदोबस्त पक्का, असा सल्ला आम्हीं दिला होता. त्याचें फळ असें कीं दार फुगून राहिलें व खिट्टी पुरती लागेना. खिट्टी अर्धवट लागलेलें दार हवेंत उघडूं शकतें! सगळें पुनः उखडावें लागलें, आणि या खेपेस आंतून पोकळ अशी मऊ पट्टी लावली. मग एक डॉलरची नोट फटींत धरून दार लावावयाचें व ती ओढून पाहावयाची. सहज निसटली तर तेथें पट्टी टेकलेली नाहीं. खिडक्यांचें रबरही कडक झालें होतें, आणि त्यांतून झिरपलेलें पावसाचें पाणी गालिच्याखालीं धातु खात होतें. तेंही बदललें.

शेवटीं पुतण्यानें विमानाच्या वहींत तारीख, केलेलें काम व परवान्याचा क्रमांक लिहून सही केली. दुसऱ्या दिवशीं उडालों. शीळ थांबली होती. यंत्राचा आंकडा शून्यावरच राहिला. सूनबाई मात्र आम्ही परत निघेपर्यंत विमानांत बसली नाहीं.