दोघांनी निघा, किनाऱ्यानं जा, घाई करू नका

‘फिरायला जायचंय, पण बजेट नाही,’ असं म्हणणाऱ्या जोडप्यांना हिशेब विचारला, तर तो बहुधा विमानाची दोन तिकिटं आणि रिसॉर्टच्या तीन रात्री एवढाच निघतो. तेवढे पैसे नसतील तर नसोत. एक दुचाकी किंवा जुनी चारचाकी, आठवडाभराची रजा आणि साध्या खोलीत झोपायची तयारी एवढ्यावर कोकणचा किनारा बघता येतो. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग साधारण ५०० किलोमीटरचा. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांनी या रस्त्याचं स्वप्न पाहिलं त्याला चार दशकं उलटली. काही खाड्यांवर आजही गाडी बोटीत घालूनच पलीकडे जावं लागतं. घाईतली मंडळी म्हणूनच महामार्गानं थेट गोव्यात उतरतात, आणि मधल्या गावांतले खोल्यांचे दर अजून आवाक्यात राहतात.

आधी पेट्रोलचा हिशेब मांडा. जाणं, येणं आणि इकडचं तिकडचं धरून हजार किलोमीटर झाले, तर लिटरला चाळीस देणाऱ्या दुचाकीला पंचवीस लिटर लागतं आणि सोळा देणाऱ्या गाडीला बासष्ट-त्रेसष्ट. लिटरमागे शंभर रुपये धरले, तरी दुचाकीचे अडीच हजार आणि गाडीचे सव्वासहा हजार होतात. मुक्कामाला जेवढं घासाघीस करून वाचवाल, त्याहून जास्त अंतर कमी करून वाचतं. म्हणून पहिली सूचना ही की अख्खा किनारा एका दमात करायला जाऊ नका. पाच दिवस असतील तर अलिबाग ते गुहागर एवढंच करा आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाटानं किंवा महामार्गानं परत या. दक्षिणेची ओढ असेल तर कोल्हापूरकडून गगनबावड्यानं उतरून देवगड, मालवण, वेंगुर्ला एवढाच पट्टा धरा. उरलेला किनारा पुढच्या वर्षी करा.

सागरी मार्गावर गाडी ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी देत नाही. गावातून जाणारा अरुंद रस्ता, वळणं, चढ-उतार आणि समोरून येणारी एसटी. नकाशात ऐंशी किलोमीटर दिसले तरी तीन तास धरावेत, वाटेत थांबलात तर चार. दिवसाला शंभर किलोमीटरची मर्यादा घाला आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. रात्री या रस्त्यांवर दिवे नसतात, गुरं बसलेली असतात आणि खड्डे दिसत नाहीत. टाकी श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा गावांत भरून घ्या. मधल्या खेड्यांत पंप मिळेलच असं धरून चालू नका.

बोटींचं म्हणाल तर त्या या प्रवासातली चैन आहेत, आणि तीही स्वस्त. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी फेरीबोटी दुचाकी, मोटारी आणि माणसं सगळं पलीकडे नेतात. खाडीला वळसा घालून जायचं तर कित्येक किलोमीटर आणि दोन-तीन घाट्या वाढतात, बोटीत ते काम थोड्याच मिनिटांत होतं. फक्त शेवटची बोट कधी सुटते ते आदल्या मुक्कामीच विचारून ठेवा. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तेव्हा तास-दीड तास हाताशी ठेवा.

आता मुक्काम. परदेशी किनाऱ्यांवर आणि आपल्याकडे गोव्यात तरुण मंडळी हॉस्टेलात उतरतात. एका खोलीत सहा-आठ खाटा, सामाईक न्हाणीघर, कुठेकुठे सामाईक स्वयंपाकघर. रायगड ते सिंधुदुर्गच्या गावांत हॉस्टेलं तुरळक आहेत आणि त्यांचं काम ‘घरगुती राहण्याची सोय’ ही पाटी करते. दिवेआगर, आंजर्ले, मुरूड-कर्दे, गुहागर, आचरा, तारकर्ली, कुठेही जा, माडा-पोफळीच्या वाडीत मालकाच्या घरालगत दोन-चार खोल्या काढलेल्या असतात. खोली साधी, पण स्वच्छ. सकाळी आंबोळी किंवा घावणे मिळतात, आणि उद्या कुठे जावं याची खरी माहिती पडवीत बसलेल्या काकांकडे असते.

फोन करताना चार गोष्टी विचाराच. न्हाणीघर खोलीला जोडून आहे का, गरम पाणी मिळतं का, जेवण घरी आहे का आणि गाडी लावायला आत जागा आहे का. जेवणाबद्दल आणखी एक लक्षात ठेवा. ते आधी सांगावं लागतं. संध्याकाळी आठ वाजता दारात उभं राहून ‘काकू, मासे आहेत का?’ विचारलंत, तर डाळ-भातच मिळेल, आणि तोही त्यांनी मनावर घेतला म्हणून. सकाळीच फोन करून दोन ताटं सांगून ठेवा. पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवा. पुढच्या खोल्या एकेक दिवस आधी ठरवल्या तरी आडदिवशी अडचण येत नाही. नाताळ, होळीचे दिवस, मे महिना आणि सलग सुट्ट्या मात्र याला अपवाद. तेव्हा दरही चढतात.

गोव्यात उतरणार असाल तर हरमल, हणजूण, वागातोर, पाळोळे इथे हॉस्टेलं भरपूर आहेत. जोडप्यानं तिथे एक साधा हिशेब करावा. दर माणशी खाटेचा असतो. दोन खाटांचे पैसे जोडले की ते पुष्कळदा एखाद्या घरगुती खोलीच्या जवळ जातात. तेव्हा हॉस्टेल निवडायचं ते नवी माणसं भेटतात म्हणून, केवळ स्वस्त म्हणून नव्हे. स्वतःचं कुलूप न्या, कारण सामानाच्या कपाटाला ते बहुतेक ठिकाणी लागतं. कानात घालायला बोळे न्या. पहाटे निघायचं असेल तर पिशवी रात्रीच भरून ठेवा, सहा जणांच्या झोपेत प्लास्टिकच्या पिशव्या वाजवू नका. काही हॉस्टेलांत वयाची अट असते, बायकांसाठी वेगळ्या खोल्या असतात. आधी वाचून घ्या.

लग्न न झालेल्या जोडप्यांनाही स्पष्ट सांगायला हवं. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहायला कायद्याची बंदी नाही. दोघांची ओळखपत्रं मात्र लागतात, फक्त एकाचं चालत नाही. तरीही खेड्यातलं घर हे कुणाचं तरी घर असतं आणि काही यजमान नाही म्हणतात. फोनवरच विचारा. नकार आला तर वाद न घालता दुसरा क्रमांक फिरवा. दारात पोचल्यावर खोटं बोलून खोली घेण्यात दोघांचीही संध्याकाळ खराब होते.

खाण्याचा खर्च समुद्रकिनारी उगाच वाढतो, कारण मासे म्हटले की सगळे सुरमई आणि पापलेटच मागतात. बांगडा, मांदेली, बोंबील, तिसऱ्या यांचं ताट स्वस्त असतं, आणि त्या दिवशी जे बंदरावर आलं ते ताजं असतं. आज काय चांगलं आलंय, एवढंच विचारा आणि मिळेल ते खा. हर्णैच्या बंदरात माशांचा लिलाव होतो तो जरूर बघा. तो नुसता बघायला पैसे पडत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या माशांचा हट्ट धरू नका. शाकाहारी माणसाची तर कोकणात चंगळच आहे. कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी. दुपारी घरगुती खानावळीत जेवा आणि संध्याकाळी थोडक्यात भागवा.

बघण्याच्या गोष्टींतही असंच. जंजिरा आणि सिंधुदुर्ग बोटीनं जाऊन बघायचे, त्याचे पैसे द्यावेत, ते वसूल होतात. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. कोर्लई, जयगड, विजयदुर्ग, रेडीचा यशवंतगड हे किल्ले जमिनीवरून चालत जाऊन बघता येतात, तिथे होडीचं भाडं पडत नाही. आरे-वारेचा रस्ता, शेखाडीचा किनारा, कशेळीचं कनकादित्याचं देऊळ यांना वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान जात असाल तर वेळासला चौकशी करा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती तिथे बघायला मिळतात आणि राहायची सोय गावातल्याच घरांत होते. पिल्लं निघणं मात्र निसर्गाच्या हातात आहे. दिसली नाहीत म्हणून गावकऱ्यांवर रागवू नका.

समुद्राच्या बाबतीत काटकसर नको आणि धाडसही नको. गणपतीपुळे आणि काशीदच्या पाण्यात पोहता येणारी माणसंसुद्धा बुडाली आहेत. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना आडाखा शिकून घ्या. तिथीची पाऊणपट करा, त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबई-रायगडला हा आडाखा बराचसा जुळतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा ओढही जास्त. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, दारू पिऊन उतरू नका, आणि ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका. किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला सरका, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे वळा. गाडी वाळूत नेण्याचा मोह दोघांनीही एकमेकांना होऊ देऊ नये. चाक रुतलं आणि भरती चढायला लागली, की वर्षभराची बचत ट्रॅक्टरवाल्याला आणि गॅरेजला जाते.

गाडीच नसेल तरी बेत रद्द करू नका. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो, म्हणजे दोघांचं भाडं दीड तिकिटात होतं. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पासही आहे. एसटीनं जाताना गावं कमी धरावी लागतात, आणि वर म्हटल्याप्रमाणे तो काही तोटा नाही.

दोघांच्या प्रवासात भांडणं होतात ती बहुतेक पैशांवरून आणि थकव्यावरून. निघण्याआधी एकूण रक्कम ठरवा, ती एका जागी काढून ठेवा आणि त्यातूनच खर्च करा. म्हणजे प्रत्येक चहाला ‘कुणी दिले’ हा प्रश्न उरत नाही. त्यातले दहा टक्के गाडी, औषध आणि अडचणीसाठी बाजूला. थोडी रोकडही जवळ असू द्या, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. दोघांनाही गाडी येत असेल तर दोघांनीही चालवा. दुचाकीवर मागच्यानंही हेल्मेट घालायचं. दर तिसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही असं ठरवा. एका गावात दोन रात्री राहिलात तर पेट्रोल वाचतं, कपडे वाळतात आणि यजमान कधीकधी स्वतःहून भाडं कमी करतात.

स्वतःहून कमी केलं तर घ्या, पण तुम्ही घासाघीस करू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीच्या वाड्या आडव्या केल्या आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. माडाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या काळात कित्येक घरं तग धरून राहिली ती या दोन-चार खोल्यांच्या भाड्यावर. पहाटे उठून तुमच्यासाठी आंबोळ्या घालणाऱ्या वहिनींकडून शंभर रुपये सोडवून घेण्यात कसली बचत? दर जमत नसेल तर दुसरीकडे जा. जमला तर पूर्ण द्या आणि निघताना खोली बऱ्या स्थितीत ठेवून जा. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पिशवीत घालून शहरात परत न्या. या गावांत कचरा उचलायला रोज गाडी येत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने यासाठी उत्तम. आजच कॅलेंडर काढा, आडदिवसांची रजा टाका, नकाशातला निम्मा किनारा खोडून टाका आणि उरलेल्या निम्म्यातल्या एका घराला फोन करा. एवढं केलंत की निम्मं काम झालं. पैसे साठले की जाऊ, असं म्हणणारी जोडपी वर्षानुवर्षं साठवतच राहतात. तुम्ही आहे तेवढ्यात निघा.