काउंटरपलीकडचे शब्द

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. कपाट आवरताना वहिनींना एक ठेवपावती सापडली. घडीवर विरलेली, नॉमिनी म्हणून कुणाचंच नाव नसलेली. मुलगा परदेशात; त्याला विचारावं तर तिकडे मध्यरात्र. मग वहिनींनी आजकाल सगळेच करतात ते केलं. मोबाइल हातात घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'नवरा वारला बँकेतले पैसे कसे मिळतील.'

उत्तरं पुष्कळ आली. पहिल्या पानावर सुरुवातीचे तीन परिच्छेद बँक म्हणजे काय आणि बचतीचं महत्त्व काय, यावर खर्ची पडले होते. पुढे 'मृत्यूनंतर बँक खाते', 'मृत्यूनंतर बँक खाते नियम', 'मृत्यूनंतर बँक खाते माहिती मराठी' हे शब्द जपमाळेच्या मण्यांसारखे फिरून फिरून येत होते. आणि शेवटी : 'अधिक माहितीसाठी आपल्या बँकेशी संपर्क साधा.' दुसरं पान हिंदीत होतं, तिसरं इंग्रजीत. संध्याकाळी वहिनी पावती घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही बँकेत होतात ना?"

मी पस्तीसेक वर्षं बँकेत होतो. उत्तर पाच मिनिटांत देऊन झालं. नॉमिनी नसला तरी घाबरायचं कारण नाही. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची ओळखपत्रं, जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांची लेखी संमती आणि बँकेला दिलेलं हमीपत्र, अशा कागदांवर ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम मिळते. त्यासाठी कोर्टाचा वारसदाखला आणावा लागतोच असं नाही. मर्यादा किती, ते शाखेत विचारावं. कागद पूर्ण असतील तर बँकेनं १५ दिवसांत दावा निकालात काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. वहिनींनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं आणि जाताना म्हणाल्या, "एवढंच होतं तर त्या मोबाइलमध्ये का नाही कुणी लिहून ठेवलं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

योगायोगानं माझी पुतणी हेच काम करते. संकेतस्थळांवर कोणता मजकूर असावा, कोणत्या क्रमानं असावा, म्हणजे शोधणाऱ्याला तो गुगलवर सापडेल, याची ती आखणी करते. त्या सुमारास तिच्याकडे एका छोट्या सहकारी बँकेचं काम आलं होतं. "काका, तुम्ही लेखकही आहात आणि बँकवालेही. चार पानं लिहून द्या," ती म्हणाली. मी उत्साहानं बसलो आणि मथळा दिला : 'मृत ठेवीदारांच्या दाव्यांचे निराकरण : कार्यपद्धती.'

ती हसली. "काका, हे कोण शोधणार?"

मी गप्प झालो. कारण वहिनींनी काय लिहून शोधलं होतं, ते मला पाठ होतं. त्यातला एकही शब्द माझ्या मथळ्यात नव्हता. त्या फोल पानांना मी नावं ठेवत होतो खरा, पण माझं पान त्यांच्याहून शहाणं असूनही वहिनींच्या नजरेस पडलं नसतं.

शोधयंत्राचं काम मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं आहे. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर, ते तीत लिहिलेलं असतं. यंत्र जगभरची पानं फिरून वाचतं, त्यांची अशी सूची करतं आणि आपण विचारलं की त्यातून पानं काढून देतं. अवघड भाग पुढचा. लाखभर पानांत तो शब्द आहे, तर आधी कोणतं दाखवायचं? १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी त्यावर एक तोडगा मांडला : ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात, आणि त्यातही ज्याच्याकडे वजनदार पानं बोट दाखवतात, ते मोठं. बँकेत नवा खातेदार आला की आम्ही ओळख देणाऱ्याची सही मागत असू. ओळख देणाराच कोण आहे, यावर सहीचं वजन ठरे. तत्त्व तेच.

तत्त्व आलं की त्याला बगल देणारेही आलेच. टेलिफोन डिरेक्टरीत पहिलं यावं म्हणून दुकानाला 'ए-वन' नाव देणारे आपण पाहिले आहेत. इथे लोकांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द कोंबले. माणसाला दिसू नयेत, यंत्राला दिसावेत. पैसे देऊन बोटं दाखवून घेतली. गुगलनंही वेळोवेळी नियम बदलले. २०११ मध्ये पोकळ मजकुराची पानं खाली ढकलण्यासाठी मोठा बदल केला, २०२२ मध्ये माणसासाठी न लिहिता यंत्रासाठी लिहिलेला मजकूर हेरण्यासाठी आणखी एक. तरीही वहिनींना जपमाळच मिळाली. याचं एक कारण मला वाटतं ते असं, की त्या विषयावर मराठीत दुसरं काही फारसं नव्हतंच. दुकानात एकच माल असेल तर दुकानदार तोच पुढे करणार.

यात आपला, मराठी माणसांचा, दोष आहे असं मी म्हटलं तर रागावू नका. सुरुवातीला अडचण खरी होती. २००० सालाच्या आसपास मराठी संकेतस्थळं आपापल्या फाँटमध्ये असत. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच चिन्ह असे. त्यामुळे तेव्हाचं कितीतरी मराठी लेखन शोधयंत्राला वाचताच आलं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती आपल्या हाती रुळायला बरीच वर्षं गेली. आता ती सबब उरलेली नाही. आता ज्यांना माहीत आहे ते लिहीत नाहीत, आणि लिहितात त्यांना माहीत नसतं. निवृत्त तलाठी, परिचारिका, कृषी अधिकारी, पोस्टमास्तर यांच्या डोक्यात असलेली उत्तरं त्यांच्याबरोबरच जातात.

पुतणी आणि मी पुन्हा बसलो. माझा एक जुना अनुभव कामी आला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना मी चौकशीच्या काउंटरवर बसत असे. डोक्यावर फलक होता : 'आवर्ती ठेव योजना'. त्याच्याखाली उभा राहून माणूस विचारी, "सायेब, दर महिन्याला थोडं थोडं टाकायचं काय हाय का?" 'नामनिर्देशन' हा शब्द मी फक्त अर्जावर पाहिला, लोक म्हणत, "वारस लावायचा हाय." आता वारस आणि नॉमिनी एक नव्हेत. नॉमिनी वारसांच्या वतीनं पैसे स्वीकारतो, तेवढ्यानं तो मालक होत नाही. पण हा फरक सांगायचा तर आधी त्या माणसाच्या शब्दाला 'ओ' द्यावी लागते. "वारस नाही हो, नामनिर्देशन म्हणा," असं दटावलं, की तो घरी जातो आणि जागा कोरीच राहते. वहिनींच्या पावतीवर राहिली होती तशी.

तेव्हा आम्ही आधी प्रश्न लिहून काढले, लोकांच्या तोंडचे. 'वडील वारले, खात्यातले पैसे कसे काढायचे', 'नॉमिनी नाही तर काय', 'एटीएमनं पैसे काढले तर चालतं का' (चालत नाही, मृत्यूनंतर कार्ड वापरणं अंगाशी येऊ शकतं). सारखे प्रश्न एकत्र बांधले. एका प्रश्नाला एक पान. मथळा विचारणाऱ्याच्या शब्दांत, उत्तर पहिल्या चार ओळींत, तपशील खाली. 'मयत', 'मृत', 'वारले' हे तिन्ही शब्द जिथे सहज येतील तिथे येऊ दिले, कोंबले नाहीत. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे बोट दाखवलं. आणि प्रत्येक पानाखाली ते शेवटचं कधी तपासलं, ती तारीख टाकली. तारखेचं महत्त्व लगेच कळलं. ठेवीला एकच नॉमिनी, हे मी जन्मभर सांगत आलो. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावं देता येतात. जुनं पान तसंच राहिलं असतं तर मीच लोकांना चुकीचं सांगत बसलो असतो.

कादंबरीकार म्हणून मला हे सारं सुरुवातीला कमीपणाचं वाटलं, हे कबूल करतो. कादंबरीचं नाव आम्ही असं ठेवतो की आत काय आहे ते कळू नये. इथे उलटा व्यवहार. पण दुसऱ्याच्या तोंडची भाषा कान देऊन ऐकणं, हे तर कादंबरीकाराचंच काम. ते सोडून मी मथळ्यात परिपत्रक लिहून बसलो होतो.

कुणी म्हणेल, आता यंत्र स्वतःच उत्तर रचून देतं, मग पानं लिहायचीच कशाला? पण यंत्र ते उत्तर कशातून रचणार? कुणीतरी लिहून ठेवलं असेल त्यातूनच. मराठीत जपमाळच असेल, तर ते जपमाळच वाचून दाखवील, फक्त अधिक आत्मविश्वासानं.

पान लागल्यावर काही महिन्यांनी पुतणीनं एक यादी आणली. कोण काय शोधत त्या पानावर आलं, ते शब्द गुगल संकेतस्थळाच्या मालकाला दाखवतं. आमच्या यादीत नसलेला एक प्रश्न त्यात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला होता : 'बाबांचं कोणत्या बँकेत खातं होतं कसं कळेल.'

हा प्रश्न मला सुचायलाच हवा होता. दहा वर्षं ज्यावर कुणी दावा केलेला नाही अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केलं आहे. खातेदाराचं नाव आणि जन्मतारीख किंवा पॅनसारखा एखादा क्रमांक दिला, की त्यात सामील झालेल्या बँकांत शोध घेता येतो. मोठ्या बँका त्यात आहेत; प्रत्येक छोटी बँक असेलच असं नाही, तिथे मात्र स्वतः जाऊन विचारावं लागतं.

हे दुसरं पान आता लिहून झालं आहे. छापायला देण्यापूर्वी करतो तसं आधी एका वाचकाला दाखवलं. वहिनींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "भाऊजी, हे 'सामील बँका' म्हणजे कोणत्या? नावं लिहा की."

नावं लिहायला घेतली आहेत.